दगडाचं बारसं

...आणि वर मलाच विचारतात, देवरावजी, तुमच्या मनोहररावांनी सकाळी पेटी उघडून पाहिली नव्हती का? अहो, आत दगड आहे हे ठाऊक असलेली पेटी माणूस उघडून कशाला पाहील? दगड काय चरायला जातो? तुम्हाला सांगतो, सगळी नोकरी मी या दगडांच्या खात्यात कारकुनी केली, हरवतात त्या फायली, हरवतात त्या छत्र्या, एकदा तर एक साहेबच जंगलात हरवले होते, पण दगड... दगड जागचा हलत नाही म्हणून तर सरकारला त्याच्यामागे माणसं फिरवावी लागतात.

तर मनोहरराव. आमच्या नागपूरच्या कचेरीतले भूगर्भशास्त्रज्ञ. खिशात भिंग, कमरेला हातोडी, पंगतीला बसले तर वरणाआधी पाटाखालची फरशी निरखणार. या माणसानं उमेदीची सगळी वर्षं एका वादात घातली. वाद काय? रामटेकच्या पलीकडे मँगनीजच्या खाणी आहेत, तिथे वर एक दगड आहे आणि त्याच्या खाली पट्ट्यापट्ट्यांचा दुसरा. मनोहरराव म्हणत, खालचा आधीचा. पृथ्वी निवताना तिच्यावर पहिल्यांदा साय धरली ना, त्या सायीचा तो तुकडा. कलकत्त्याचे मोठे साहेब म्हणत, छे, खालचा नंतरचा, वितळून खालून घुसलाय. आता तुम्ही म्हणाल, आधीचा असो की नंतरचा, आपल्या घरची डाळ शिजायची राहते का? मीही तेच म्हटलं होतं. मनोहरराव कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग पुरावा सापडला. खाणीसाठी जमिनीला भोक पाडताना यंत्रातून दगडाची गोल कांडी निघते, तशी एक निघाली. एका टोकाला खालचा दगड, दुसऱ्या टोकाला वरचा, आणि वरच्याच्या पोटात खालच्याचा एक गुळगुळीत गोटा रुतलेला. नातवाच्या मुठीत आजोबांचा दात सापडावा तसा. म्हणजे आजोबा आधी होते की नाही? पण कांडी एकच. लगेच भोक ढासळलं, आत पाणी भरलं, मालकानं यंत्र उचलून नेलं. आणि मोठे साहेब खास ती पाहायला नागपूरला आले, त्याच दुपारी मेलगाडीनं परत जायचे. पटलं, तर मनोहररावांचा निबंध छापला जाणार. नाही पटलं, तर हा विषय कायमचा बंद आणि मनोहररावांची रवानगी चांद्याकडे, कोळशाच्या खाणींवर.

कचेरीवर भरवसा नाही म्हणून हा गृहस्थ कांडी धंतोलीतल्या घरी उशाशी घेऊन निजायचा. सकाळी पेटी उचलली, वजन तेवढंच, टांग्यानं सिव्हिल लाइन्सला कचेरीत आले, साहेब पलीकडच्या खोलीत चहा घेताहेत, शेवटचं एकदा पुसून घ्यावी म्हणून पेटी उघडली, आणि आत काय? वरवंटा. टवका उडालेला, आणि छिद्राछिद्रांत लसणाची चटणी.

मनोहरराव हळूच म्हणाले, "आई." ठेच लागल्यावर म्हणतात तसं नाही. कोणाचं काम असणार, ते सांगत होते.

साहेबांना कळवलं, नमुना वाटेत आहे. खोटं नव्हतं, कुठल्या तरी वाटेत असणारच. साहेबांनी खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि आम्ही दोघं टांग्यात.

घरी मातोश्री रुखमाबाई वाती वळत बसलेल्या. "तो दगड होय? शेजारी देल्ला. प्रयागबाईच्या नातवाचं बारसं हाय आज. तिच्या वरवंट्याचा टवका उडाला, अन् फुटका दगड लेकराच्या पाळण्याले चालते का? तुह्या उशाशी कसा गोल, गुळगुळीत नुसता पडून राहते."

"आणि पेटीत तिचा वरवंटा काहून ठेवला?"

"रिकामी पेटी बरी दिसते का गा?"

मनोहरराव तसेच शेजारी धावले, मी त्यांच्यामागे. आणि तिकडे साहेब घड्याळ बघताहेत.

बारशाला वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखं सजवून, बायका पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हाती देतात, हे मी तुम्हाला काय सांगावं. प्रयागबाईंच्या माजघरात आळीतल्या झाडून साऱ्या बायका, पुरुषाला आत पाय ठेवायची सोय नाही. आम्ही उंबऱ्याबाहेरून माना लांब केल्या. पाळण्यात बाळ निजलेलं, आणि बाळाच्या कुशीला कुंची घालून, टोपरं बांधून, तेल-हळदीनं माखून, गालाला काजळाची तीट लावून निजलेली... पृथ्वीची साय.

"प्रयागबाई, तो दगड माझा आहे."

"मंग? कोणी खाऊन राहिलं का त्याले?"

"मला आत्ता हवाय. साहेब खोळंबलेत."

"आत्या कोठी आली अजून? उमरेडची मोटर येईन, प्रेमिला उतरन, लेकराच्या कानात नाव सांगन, मंग घेऊन जाय. अर्ध्या बारशातून वरवंटा काढतात का गा? एवढा शिकला, अन् एवढं नाही समजत?"

बाळाची आई वच्छला तेवढ्यात हसून म्हणाली, "दादा, तुमचा दगड मोठा गुणी आहे हो. सकाळपासून रडला नाही."

मनोहरराव हसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे, कानशिलावरून घाम. मी म्हटलं, साहेबांनाच इकडे आणू का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टांगेवाल्याशी बोलायला गेलो. आणि मोटर? मोटर कधी वेळेवर आली आहे? वाटेत चाक बसलं असेल, ड्रायव्हर चहाला उतरला असेल... आणि तिकडे साहेब घड्याळ बघताहेत.

शेवटी आत्याबाई आल्या. लगेच सुरू करतील? पाणी प्यायल्या, पाय धुतले, बाळ कोणावर गेलंय याची चर्चा झाली, आजोबांवर असं ठरलं. मग दगड उचलला. तेलानं निसरडे हात, एक वरून देते, दुसरी खालून घेते, देवांची नावं चाललीत, आणि दर खेपेला उंबऱ्याबाहेर एका माणसाचा श्वास अडकतोय. तुम्हाला सांगतो, मला त्या दगडाचं काही नव्हतं, पण माझ्याही मुठी वळल्या होत्या. आणि प्रेमिलाबाईंच्या हातून सुटला... नुसतं टोपरं हातात राहिलं, दगड सुळकन खाली... वच्छलेनं पटकन पदर पुढे केला आणि तो पदरात झेलला. बायका हसल्या. मनोहरराव खाली बसले.

दगड दिला, पण प्रयागबाईंनी बजावलं, "पाच दिवस पाळण्यात राहते तो, लेकराचा जोडीदार हाय. सांजेले आणून दे. अन् जसा नेला तसाच आण गा." मनोहररावांनी कबूल केलं. त्या घटकेला त्यांनी काहीही कबूल केलं असतं.

कचेरीत साहेब टोपी घालून उभे. मनोहररावांनी उपरण्यानं पुसलेली कांडी पुढे केली. दगडवाल्यांची एक खोड असते, रंग उठून दिसावा म्हणून दगड जिभेनं ओला करतात. साहेबांनी चाटला. थांबले. मग भिंग लावलं. "फटीतलं हे पिवळं खनिज कोणतं?"

गंधक म्हटलं असतं तर खपलं असतं. खरं सांगावं, तर ज्याला परक्यांचे हात लागले तो नमुना साहेब कशाला मानतील?

मनोहरराव म्हणाले, "हळद, साहेब. सकाळी याचं बारसं झालं."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दगडाकडे. मग हातोडी उचलली. दुसरी खोड ही की दगडवाले दगडाच्या कातडीवर विश्वास ठेवत नाहीत, ताजा फोडून आत बघतात. आम्ही "साहेब..." म्हणेपर्यंत एकच घाव. ज्या दगडावर ओरखडा उठू नये म्हणून माणूस अर्धा दिवस उंबऱ्यावर मरत होता, त्याचे दोन तुकडे. आणि तुटला कुठे? बरोबर त्या गोट्यातून. आत पट्टे न् पट्टे स्वच्छ, खालच्या दगडाचे.

"तुमचं बरोबर आहे," साहेब म्हणाले. "खालचा आधीचा." आणि एक तुकडा कलकत्त्याच्या कपाटासाठी खिशात घालून ते मेलला गेले.

झालं, जिंकले मनोहरराव. निबंध छापून आला, नाव झालं, आता दूरदूरचे विद्वान त्यांना लिहितात. पण धंतोलीत? त्या सांजेला ते अर्धाच दगड घेऊन प्रयागबाईंच्या दारात उभे राहिले.

"बाकीचा कोठी गेला?"

"कलकत्त्याला."

प्रयागबाई पदर डोळ्यांना लावून खालीच बसल्या. तेव्हापासून त्या पोराला नुसती शिंक आली तरी बाई मनोहररावांच्या ओट्यावर. "इच्यार गा तिकडे, आपल्या तुकड्याले ओल तर नाही लागून राहिली?" आणि पृथ्वीचा जन्म उलगडणारा हा माणूस मान खाली घालून माझ्याकडे येतो, कारण सरकारी भाषा माझी बरी. पेन्शन झाली, तरी पत्रं मीच लिहितो. कलकत्त्याहून रीतसर उत्तर येतं, नमुना कोरड्या कपाटात सुस्थितीत आहे. ते मी मोठ्यानं वाचून दाखवतो, पोराला बरं वाटतं.

आता पोरगं शाळेत जाणार. प्रयागबाई म्हणतात, त्या दिवशी तिकडच्या तुकड्यालाही हळदकुंकू लागलं पाहिजे. मसुदा तयार आहे... फक्त हळदकुंकवाला सरकारी इंग्रजीत काय म्हणावं, तेवढं तुमच्यापैकी कोणी सांगता का?