भोंगा वाजला आणि मी नदीत उतरलो

माझं गाव गिरणेच्या काठचं, धरणगावकडचं. आठवीतून शाळा सोडली, त्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, काही दोष नाही, गणितच डोक्यात शिरेना. मग एका ठेकेदारासोबत ठिबकच्या नळ्या टाकायला लागलो आणि टाकता टाकता, काय सांगू तुम्हाला, इथं इंडोनेशियात, जावा बेटावर येऊन पडलो, तेही केळीच्याच बागेत. केळी तीच, नळ्या त्याच, फक्त वर डोंगर धुमसतो. गावाकडून फोन आला की सगळे एकच विचारतात, आग दिसते का रे, व्हिडिओ पाठव. अरे बाबांनो, आगीचं नाही, इथं भ्या आहे नदीचं, पण ते कोणाला ऐकायचंच नसतं.

डोंगरावर राख साचते, वर पाऊस झाला की राख, दगड, झाडं सगळं कालवून ओल्या सिमेंटसारखं खाली येतं, आणि आपल्या डोक्यावर तेव्हा ऊन असतं. पहिल्याच वर्षी डोंगरावर नजर ठेवणाऱ्या वरच्या चौकीचा भोंगा वाजला, बठ्ठा लोक, झाडून सगळे, चढावर पळाले आणि मी पळालो नदीत. का, तर बागेची पाण्याची मोटार पात्रात होती. गिरणेला धरणाचं पाणी सुटलं की आम्ही मोटार काढतो, लहानपणापासून तेच केलेलं, पाणी घोट्याला लागलं तरी वेळ असतो. मी आपला दोराची गाठ सोडत बसलो. आमची मुकादमीण, तिला सगळे इबू म्हणतात, म्हणजे आई, ती अर्ध्या चढावरून परत आली, माझी कॉलर धरली आणि ओढत वर नेलं. काय शिव्या दिल्या ते तेव्हा कळलं नाही, आता कळतात. वर पोचून पाहिलं तर मोटार नाही, मोटारीचा ओटा नाही, बैलाएवढे दगड गाऱ्यात वाहत चाललेले. अजूनही ती भेटली की आधी माझी कॉलर नीट करते.

आता माझी कटकट वेगळीच. आबा सत्तरीचे आणि आमची मोटार अजून गिरणेत. दरवेळी सांगतो, आबा, मोटार गेली तर जाऊ द्या, तुम्ही उतरू नका. तर म्हणतात, तू तठे बशीसन माले गिरणा शिकाडस का? परवा पाणी सुटलं, मी पाच वेळा फोन लावला, उचलेनात, माझ्या हातून नळी धड जोडली जाईना. सहाव्यांदा उचलला. म्हणे, पोऱ्या, मोटार कालच काढी लिधी, काठवर शे. मी म्हटलं, मग फोन का उचलत नव्हता? तर म्हणे, पाणी किती उनं ते देखाले नदीमा गयथू.

म्हणजे मोटार काठावर आणि हा माणूस स्वतः नदीत! इबूला सांगितलं, वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, तिथं त्यांची कॉलर धरायला कोणी आहे का? तिला उदंड आयुष्य मिळो, आणि त्यातलं थोडं आबांना.