डुलायच्या आधी

न्हाय न्हाय आण्णा, तिकडं कडंला नगं, मधी बसा, बराब्बर मधी — हां. आनि त्या जाकिटाचा पट्टा आवळा. आवो, पोटावरनं येत न्हाय तर खालनं घ्या की, जेवन तुमचं आमच्याकडं व्हायचंय अजून, तवर जागा हाय पोटात. घाबरलाय व्हय? न्हाय म्हनताय, पन हात बगा की, सीटला कसा धरलाय. वर घरात बायकांचं साडी-बांगडी, बसा-उठा चाललंय, पोहं व्हायला अर्धा तास हाय, तवर आपन दोघं म्हातारं काय करनार? पेठ वडगावास्नं इतक्या लांब आलाय, तलाव तर बगून जावा. पोरगी बगायला आलाय म्हनून काय झालं — पोरगी कुठं पळून जातीया?

आता ही बोट. पाच वर्षामागं आमच्या बोट क्लबाच्या कमिटीनं घेतली, तवा तिला साठ हॉर्सपॉवरची मशीन होती. मग आमच्या चेअरमनसायबांचा वाढदिवस आला, आनि वाढदिवसाला शर्यत पायजे. आपल्याकडं कशाची बी शर्यत लागती, म्हशीची लागती, बैलाची लागती, मग बोटीनं काय घोडं मारलंय? पलीकडच्या क्लबानं नव्वदची मशीन आनली, म्हनून आमी बी नव्वदची बसवली. बोट तीच, छोटी, हलकी. बारक्या पोराच्या अंगात बापाचा सदरा घातल्यागत झालं. कुनी इचारलं न्हाय बोटीला झेपतंय का. इचारनार कोन? मी ड्रायव्हर, मलाच ढीग हौस!

हळू चालवतो, बसा. ऐका, फास्ट गेली की काय हुतं सांगतो. बोट पान्यात असती तवर पोटावर बसलेली असती, निवांत. रेस वाढवत नेलं की ती वर उठती, वर उठती, आनि शेवटाला बुडाच्या मधल्या कण्याची नुसती धार पान्याला टेकलेली ऱ्हाती. सगळं वजन त्या धारेवर. मग ती डुलती. आधी डावीकडं, मग उजवीकडं, बारीक, एवढंसं. तुमी म्हनता, ह्या, काय न्हाय. आनि तिथंच मानूस फसतो! डावीकडं गेली म्हनून तुमी स्टेरिंग उजवीकडं मारता, पन तुमी मारेपतुर ती आपल्याआप उजवीकडं निघालेली असती — मग तुमचं मारनं आनि तिचं जानं एक हुतं, आनि पुढच्या खेपंला दुप्पट. तीन खेपंत बोट उताणी. तवा डुलल्यावर न्हाय, डुलायच्या आधी हात लावायचा, आनि तो बी एवढाच, बाळाच्या कपाळाला हात लावतो तेवढा. जमत नसंल तर रेसचा हा दांडा मागं घ्यायचा, पन हळू. एकदम सोडली तर नाक आपटतं आनि मागचं पानी आत येतं. आनि हे बटन — हे दाबलं की मशीनचं शेपूट खाली येतं, बोट परत पोटावर बसती. हातानं हळू रेस, अंगठ्यानं बटन. झालं. एवढंच शास्त्र हाय सगळं.

मला कुनी शिकवलं? — व्हय, इचारा की. मी बारा वर्षं ट्रॅक्टरनं कारखान्याच्या ऊसाची डबल ट्रॉली वढली आण्णा. दोन ट्रॉल्या, वर ऊस असा डोंगर, मागची ट्रॉली उतारावर नागिनीगत वळवळती. तवा बिरेक मारायचा नसतो. बिरेक मारला की मागची पुढच्यावर येती. थोडी रेस द्यायची, वढून घ्यायची, दोरी ताणल्यागत सगळं सरळ हुतं. बारा वर्षं हेच केलं, एक ऊस सांडला न्हाय. मग शर्यतीला बोट डुलायला लागल्यावर मी काय केलं आसंल? दिली की रेस! वढून घेऊ म्हनलं! आवो, मागं ट्रॉलीच न्हाय, वढनार काय, डोंबल? बोट अशी उडाली, मी फेकला गेलो, ह्या लोखंडी कडंवर खांदा, काडकन. आत रॉड हाय अजून. थंडीत कळतं.

मग बोट कुनी सांबाळली? — तुमी लई इचारता बगा. … दानेश्वरीनं. आमची दानेश्वरी, जिला तुमी बगायला आलाय. मागं वजन पायजे म्हनून बसवली होती, आनि तिच्या आईला वाटलं, बापावर लक्ष ठेवायला बरी. तिनं मागनं वाकून दांडा धरला, हळू मागं घेतला, बटन दाबलं, आनि दोन बोटांनी स्टेरिंग. ओरडली न्हाय, काय न्हाय. तिला कुठनं कळलं म्हनाल तर सायकलीवरनं. शाळंत असताना रोज दोन किटल्या दूध सायकलीच्या हँडलला अडकवून डेअरीला नेत होती. दोन किटल्या डुलायला लागल्या की हँडल धरून भांडायचं नसतं म्हने, पायडल हलकं करायचं, आनि किटली जानार त्याच्या आधी बारीक वळवायचं. मला ते बारा वर्षांत कळलं न्हाय! शर्यतीत आमचा नंबर? तिसरा. बोटी? तीनच होत्या. हसू नका.

आता तुमच्या खिशातल्या पोरीच्या माहितीच्या कागदावर मी लिवलंय — शिवनकाम, भरतकाम, सुगरन. सुगरन हाय वो, खोटं न्हाय. शिवनकाम म्हंजे बोटीच्या सीटा तीच शिवती. आनि पावनं, हे वर घरात बोलू नका, पन रविवारी टुरिष्ट आले की फास्ट राऊंड तीच मारती. माझा खांदा चालत न्हाय. बारीक हात पटकन जायला पायजे, आनि माझा जाईपतुर बोट उजवीकडनं डावीकडं पोचलेली असती. कमिटीची मानसं आली की मी स्टेरिंगला बसतो आनि म्हनतो, मशीन गरम झालंय, हळूच न्हेतो. तीन वर्षं मशीन गरमच हाय. त्यांस्नी वाटतं मी लई जपतो, दिवाळीला टोपी दिली मला.

आता तुमास्नी बोटीत का घातलं ते सांगतो, ही परीक्षा हाय. तुमी पोरगी बगताय, मग मी बी सोयरा बगायचा का न्हाय? चंदगडचं स्थळ आलतं, त्या पावन्यांस्नी असंच बोटीत घेतलं, जरा डुलवलं, तर हे मधीच उभं ऱ्हायलं! काठाला घ्या, काठाला घ्या! पोहं बी खाल्लं न्हाय त्यांनी. त्याच्या आधीचं, पोरगा मास्तर, देखना, हुंडा नगं म्हनत होता, त्याच्या बापानं माझी मान धरली मागनं. कळवतो म्हनाले, अजून कळवत्यात. चांगली होती की स्थळं… म्हंजे, चांगली म्हंजे काय, तशी बरी होती. परीक्षेत नापास झाली. असं बगू नका माझ्याकडं. घट्ट धरा, आता तुमची.

हां — ही बगा — उठली वर — धारेवर आली — आता जरा डुलवतो, मुद्दाम हाय, घाबरू — थांबा — आता मी न्हाय डुलवत, हीच — आण्णा, बसा, हलू नका — हात जाईना माझा — थोडी रेस देतो, सरळ हुईल — आवो, आवो, काय करताय, दांडा सोडा! सोडा म्हनतो! … हळू. … हां, हळू. … बटन. ते न्हाय, खालचं. हां. …

बसली. पोटावर बसली.

तुमी कधी चालवलेली काय बोट? न्हाय? मग हे — आत्ता मी सांगितलं तसं केलं, व्हय? मी दिली रेस. आत्ता सांगून झालं हुतं, आनि परत रेसच दिली. बारा वर्षाची सवय हाय वो, जात न्हाय. गूळ इकनारा मानूस तुमी, आनि पयल्याच खेपंला जमलं तुमास्नी.

काय म्हनलासा? … न्हाय, ऐकलं मी. पोरगी गेल्यावर बोट कोन चालवनार, असंच म्हनलासा न्हवं.

मला कुनी इचारलं न्हवतं असं. दोघास्नी पळवून लावलं, ते परीक्षेनं न्हाय. मी भिलो. ती गेली की मला स्टेरिंगला बसता येत न्हाय, कमिटी एका दिवसात दुसरा ड्रायव्हर लावती, आनि मग हा रॉड घिऊन मी काय करू, परत ट्रॉली वढू? तिला यातलं काय बी ठावं न्हाय. तिला वाटतं स्थळंच बरी न्हवती, आनि तिच्या आईला वाटतं पोरीचं नशीब. चोवीस सरली तिला. बापानं पोरीच्या जिवावर टोपी घालायची आनि वर पोरीलाच घरात दाबून ठेवायची, लाज वाटती मला. सांगून टाकलं. घ्या.

आता तुमच्या पोराची, अमरेशची बातमी काय हाय सांगा. केमिस्ट हाय, ते कागदावर हाय. सायकलीवर किटल्या बगून नाक मुरडनारातला हाय का? न्हाय? लग्नानंतर पोरगीनं काय चालवायचं, काय न्हाय, ते ती ठरवंल, असं तुमच्या तोंडनं ऐकायचंय मला. … बरं. … बरं, बास. परत म्हना. … हां.

आला काठ. उतरा, डावा पाय आधी. जाकीट काढा, तसंच घरात गेलासा तर बायका हसतील. पोहं तयार असत्याल, वास आला बगा. तुमी वर जावा आनि तिलाच सांगा — बापाला सोयरा पसंत हाय, आनि त्यानं सांगितलंय, ह्या खेपंला पावन्यांस्नी पळवून लावनार न्हाय म्हनून. मी? मी येतो मागनं. बोटीत पानी आलंय थोडं, ते काढतो. मी बाप हाय तिचा, मला काय वाटंल ते वाटंल, तुमी कशाला बगत थांबलाय? जावा की वर!