बाकड्यावरच्या फोटोतली बाई मीच

आधी हे लिहून घ्या, नावगाव मागून: मी जिवंत आहे. स्वतःच्या पायांनी तुमच्या चौकीच्या पायऱ्या चढून आले, तरी दारावरच्या शिपायानं विचारलं, "आजी, तुमच्या घरातलं कोण वारलं?" त्याच्याही फोनवर तो फोटो होता.

नाव: सगळे गादीवाली आजी म्हणतात, तेवढं पुरे. वय सत्तरीच्या पुढे. धंदा गाद्या-उशा शिवण्याचा. राहणार दवाखान्यामागची गल्ली, तळमजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, सोमवारी मी शाळेच्या हॉलमध्ये साथीची लस घेतली. टोचल्यावर अर्धा तास थांबायचा नियम आहे. मला नुसतं बसवत नाही. बाकड्यावर आडवी झाले, कवळी काढून पिशवीत ठेवली आणि तोंडावर पांढरा रुमाल घेतला. माझं बोळकं कुणी बघितलेलं मला खपत नाही. डोळा लागला.

आमच्या वरच्या मजल्यावरचा घड्याळवाला तिथे दारात उभा होता. त्यानं फोटो काढला आणि खाली लिहिलं, "लस टोचली आणि म्हातारी जागीच गेली. दडपायच्या आत पुढे पाठवा."

दुसऱ्या दिवशी लस घ्यायची माझ्या धाकट्या बहिणीची पाळी होती. तिला दमा आहे. मागच्या लाटेत ऑक्सिजनवर होती. पुन्हा झालं तर निभायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. फोटोत माझं तोंड दिसत नव्हतं, पण माझ्या चपलेला निळ्या दोऱ्याचा टाका तिनंच घातलाय. ती हॉलकडे न जाता रडत माझ्याकडे आली. मी दारात उशी भरत होते. मला बघून मटकन खाली बसली.

"अक्का, तू गेलीस ना गं?"

"एवढी उशी भरून होऊ दे. मग बघू."

मग तिचा दंड धरून तिला हॉलवर नेलं. हॉल ओस. नर्सबाई लशीच्या फोडलेल्या कुपीसमोर बसलेल्या. फोडली की त्याच दिवशी संपवायची, नाहीतर फेकायची. मला बघून त्यांनी खुर्ची आणली आणि मला दारातच बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हाका मारल्या. संध्याकाळी कुपी रिकामी झाली.

बहिणीनं लस घेतली. रात्री ताप आला, सकाळी उतरला. आज चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडली. मी दोन चमचे वाढवून दिले. हे लिहिलं नाही तरी चालेल.

घड्याळवाल्याला जाब विचारला. म्हणाला, "आजी, लोकांच्या भल्यासाठीच टाकलं हो."

मी म्हटलं, "मेल्या, बंद घड्याळसुद्धा तू कानाला लावून बघतोस. मला एकदा हलवायचंस तरी."

लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून घेतलं. मी बोलले तेच आहे. शिव्या तेवढ्या साहेबांनी गाळल्या. अंगठा देते. त्याला कोठडीत घालू नका. त्यानं ज्यांना ज्यांना तो फोटो पाठवला, त्या सगळ्यांना त्यानंच माझ्या शेजारी उभं राहून काढलेला नवा फोटो पाठवावा. कवळी मी घालीन. आणि लोक विचारतील त्याला उत्तर त्यानंच द्यायचं. त्याची बायको त्याच्याऐवजी बोलायला आली, तर तिला घरी पाठवा.