पूर्वेचा दरवाजा

राजवाड्याच्या बंद तिकीटखिडकीपुढच्या छपराखाली, पावसाने अडकलेलं एक वयस्कर जोडपं माझ्याशेजारी उभं होतं.

"तीस वर्षं मुलांना हा राजवाडा शिकवलात, गुरुजी. सोमवारी तो बंद असतो, एवढंच तेवढं राहिलं वाटतं शिकवायचं?"

"बाहेरून तरी बघ की! हा मुख्य दरवाजा. पूर्वेचा."

"पाटीवर 'पश्चिम दरवाजा' लिहिलंय."

"पाटी चुकली असेल."

"हो, बांधणारा राजाही चुकला असेल. आपल्या थोरल्याने पेपरात पश्चिमच लिहिलं होतं."

"आठवत नाही."

"सहलीत डोळ्यांनी बघून आलोय म्हणत होता. तुम्ही भर वर्गात त्याचा कान पिळलात. लावा आता त्याला फोन."

"एवढ्या पावसात त्याला काही ऐकू जायचं नाही."

"तेव्हा तर लख्ख ऊन होतं. तुम्हाला कुठे ऐकू गेलं?"