देवाच्या डोक्यावरची जागा

माझं नाव मधुकर, पण काळाचौकीत त्या नावानं हाक मारलीत तर मी स्वतःसुद्धा मागे वळून बघणार नाही, मला सगळे लिफ्टमन म्हणतात. जन्म इथलाच, याच चाळीच्या खोलीतला, आणि आई सांगायची की जन्मलो तेव्हा एवढ्या जोरात रडलो की गिरणीत लोकांना वाटलं भोंगा झाला आणि अर्धी पाळी सुटून घरी आली. खरंखोटं तिलाच ठाऊक. मूळचे आम्ही कुडाळकडचे, वडील गिरणीत होते, लवकर गेले. मी फोर्टातल्या एका जुन्या हपिसात लिफ्टवर लागलो, ती जाळीच्या दाराची, हँडल फिरवायची. म्हणजे काय सांगू तुम्हाला, दिवसभर मी साहेबलोकांना वर नेत होतो आणि माझ्या घराला वर असं काही नव्हतंच. खाली लादी आणि अकरा फुटांवर एकदम छप्पर. मधली सगळी हवा फुकट.

आता घर बांधायचं म्हणजे लोक जमीन बघतात, पाया खणतात. आमच्याकडे घर बांधतात ते हवेत. माळा. तेवढंच आमचं बांधकाम, पण मी तुम्हाला सांगतो, त्या एका माळ्यानं मला जे शिकवलं ते इंजिनियरांना कॉलेजात शिकवत नसतील.

झालं काय, शिवडीचे बागवे आपल्या मुलीसाठी मला बघायला आले. गोदीत गोदामावर कामाला, माणूस मोजमापाचा, पोहे खातानासुद्धा खोलीभर नजर फिरवत होता. बशी खाली ठेवली आणि म्हणाले, मुलगा पसंत आहे, पण माझी सुनंदा झोपणार कुठे. खोलीत एक खाट, तिच्यावर आई, खाली मी. मी छाती काढून सांगितलं, माळा घालतोय. त्या क्षणापर्यंत माळ्याचा विचारसुद्धा मनात नव्हता. बरं म्हणाले, महिन्याभरानं येतो, माळा बघतो, मग पुढचं बोलू. सुनंदाला मी तेव्हा एकदाच पाहिलं होतं, पण महिनाभर लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबवत होतो, यावरून काय ते समजा.

लालबागचा दामू मिस्त्री आणला. हात सोन्यासारखा, पण आयुष्य गेलं गणपतीचे मंडप बांधण्यात, त्यामुळे जे बांधील ते अकरा दिवसांनी सोडवता येईल असंच बांधायची सवय. पहिल्या दिवशी बघतो तर बांबू आणि सुंभ घेऊन आलेला. मी म्हटलं दामू, या माळ्याचं विसर्जन नाही करायचं रे. तेव्हा कुठे बोल्ट आणले. म्हणून सांगतो, कारागीर नेमताना त्यानं आधी काय बांधलंय ते विचारा, तो तुमचंही तेच बांधणार.

मग उंची. खाली साडेसहा फूट सोडले तर वर चार. टेपवर चार फूट म्हणजे पुष्कळ वाटतं, पण माणूस झोपेतून उठतो तो टेप बघून उठत नाही. म्हणून आम्ही दोन मोडकी टेबलं रचली, वर फळी टाकली, तिच्यावर मी आडवा झालो आणि दामू म्हणाला, आता दचकून ऊठ. उठलो, तो कपाळ तुळईला. त्यानं तिथे खडूनं खूण केली आणि म्हणाला, उशी या बाजूला नको. बातमी गॅलरीत गेली आणि सगळी चाळ आडवं होऊन बघायला रांगेत, जसं काही सिद्धिविनायकाचं दर्शन. एक आजोबा तर झोपलेच, त्यांना उतरवायला चौघं लागले. जुनी तुळई सागाची, दामू हातोडीच्या मागच्या बाजूनं ठोकत गेला आणि कान लावून ऐकत गेला, मीही ऐकलं, चांगलं लाकूड टणटण बोलतं आणि पोखरलेलं नुसतं हूं म्हणतं. फळ्या बसल्यावर गोटी सोडून बघितली, ती सरळ दाराकडे निघाली, जणू तिला हपिसाला उशीर होत होता. मग खाली पाचर मारली. हे सगळं तुमच्याही उपयोगाचं आहे, हसू नका.

पण खरी चूक ती नव्हे. खरी चूक पहिल्याच सकाळी झाली होती. भुसा उडणार म्हणून आईनं देव्हाऱ्यातले देव लाल फडक्यात गुंडाळले आणि शेजारच्या परबकाकूंच्या फळीवर नेऊन ठेवले, देव्हारा पण तिकडेच. सतरा दिवस देव काकूंकडे पाहुणे. आणि देव नजरेसमोर नाहीत म्हटल्यावर मी ट्रंक मोजली, खाट मोजली, लोणच्याची बरणीसुद्धा मोजली, पण देव मोजले नाहीत.

माळा झाला. आई ताटात देव घेऊन आली, उंबऱ्यात थांबली, वर बघितलं. मी म्हटलं ये ना आत. ती म्हणाली, माळो बरो झालो रे झिला, पण माझ्या देवाच्या माथ्यार कोण झोपतलो?

आणि ताट घेऊन परत काकूंकडे.

बघा आता. एका भिंतीला मोरी, तिथे देव चालत नाहीत. दुसऱ्या भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांची मोरी. दारापाशी चपला आणि शिडी. उरली चौथी भिंत, आणि तिच्यावरच माझ्या संसाराचं अंथरूण, पाय बरोबर देवाच्या डोक्यावर. मी आईला पटवायला गेलो की फळी दोन इंच जाड आहे. मग म्हटलं, आमच्या हपिसात आठ मजले, प्रत्येक मजल्यावर देवाचा फोटो, वरून दिवसभर साहेब चालतात, एका देवानं तक्रार केलेली नाही, केली असती तर लिफ्टमनला आधी कळली असती. ती म्हणाली, तिथल्या देवांचं तिथली माणसं बघतील. भांडली नाही, रडली नाही, मला वेळेवर जेवायला वाढत होती. फक्त रोज सकाळी अंघोळ करून, फुलं घेऊन, शेजारी जायची पूजेला. स्वतःच्या घरात बिनदेवाची राहिली आणि मला एक शब्द बोलली नाही. मला ते भांडणापेक्षा जड गेलं. आणि रविवारी बागवे येणार होते.

आले. सोबत सुनंदा. ती लाजेल, खालूनच बघेल असं मला वाटलेलं, तर पदर खोचून सरसर वर. वर गेली आणि सरळ आडवी झाली. मला आधी हसू आलं, मग आवडलं. तिनं वरूनच विचारलं, इथे माझे पाय येतात, तर खाली काय आहे? मी म्हटलं काही नाही, रिकामी भिंत. तशी खोटं बोलायची मला सवय आहे, पण या वेळी आवाज जरा मऊ निघाला. फळ्यांच्या फटीला डोळा लावून ती बघत बसली, बराच वेळ, आणि म्हणाली, भिंतीवर समईची काजळी आहे. देव कुठे गेले?

बागव्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही गोदामात माल कमी भरलाय. चपला शोधायला लागले. म्हणाले, खोटं बोलणाऱ्या घरात मी मुलगी देणार नाही. सुनंदा शिडीवरून उतरली, माझ्याशी नाही, बापाशीही नाही, सरळ आईपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, काकू, वरचं केवढं कापायचं?

आईनं तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढं.

सतरा दिवस मी सगळं मोजत होतो, आणि आईला एवढं कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

दामू बोलावला, सगळ्यांच्या समोर करवत चालली. देव्हाऱ्याच्या वर दोन फुटांचं चौकोनी भोक, भोवती कठडा. आता देवाच्या डोक्यावर सरळ छप्पर. आई गेली आणि देव घेऊन आली, या वेळी उंबऱ्यात थांबली नाही. बागवे म्हणाले, माळा लहान झाला. सुनंदा म्हणाली, मी कुशीवर, पाय दुमडून झोपेन.

त्या भोकानं आमचा संसार चालवला. खालून चहाची किटली वर जायची, वरून पोरांची वह्या-पुस्तकं खाली. धूप लावला की वर जाग यायची, गजराचं काम नाही. एकच अडचण, नवरा-बायकोनं केलेली कुजबूज आधी देवाच्या कानात पडायची आणि मग खाटेवरच्या आईच्या, आणि सकाळी आई वेगळीच भाजी करायची तेव्हा आम्हाला कळायचं की ऐकलंय. शेवटच्या वर्षात तिला उठवत नव्हतं, तर सुनंदा माळ्यावर बसून त्या भोकातून तिच्याशी गप्पा मारत भाजी निवडायची.

आता आई नाही. चाळ जाणार, टॉवर येणार, चिठ्ठ्या निघाल्या, आम्हाला चौदावा मजला. बिल्डरकडच्या इंजिनियर मुलीनं नकाशा दाखवला, मी म्हटलं देव्हाऱ्याच्या बरोबर वर काय येतं? ती म्हणाली बेडरूम, काका, सगळ्या मजल्यांवर सारखंच. सुनंदानं माझ्याकडे बघितलं. पंधराव्यावर कोण, तर परबकाकू. नव्वदीच्या आहेत, कानानं कमी. गेलो, जोरात विचारलं, काकू, तुमची खाट कुठे येणार? म्हणाल्या, तुझे देव सतरा दिवस माझ्याकडे राहिलेत रे, त्यांच्या डोक्यावर मी खाट टाकीन होय, मी तिथे माझा देव्हारा ठेवते. मग लक्षात आलं, काकूंच्या देवावर सोळावा मजला.

तेव्हापासून टेप घेऊन फिरतोय. सोळाव्याचे हसले, पण देव्हारा तिथेच ठेवतो म्हणाले. सतराव्यानं तिथे पुस्तकांचं कपाट कबूल केलं, तेही चालेल. बावीस मजले आहेत, पाच उरलेत. सुनंदा म्हणते, पुरे आता, लोक वेडा म्हणतील. म्हणू देत. तुमचं कुठे चाललंय का बांधकाम? चांगलं होवो, गोटी जिथे सोडाल तिथेच थांबो. फक्त काम सुरू करण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, केवढं हवं. चला, अठराव्या मजल्याचे सावंत या वेळेला घरी असतात.