गेटवरचा फितूर

नाही हिंदुराव, मला बसवू नका. बोलायला तुम्हीच उभं केलंत, आणि आता पाहुणा येईपर्यंत थांबा म्हणता? पाहुणा येऊन गेला.

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे युनियनचे पदाधिकारी, शिफ्ट सोडून आलेल्या बंधूंनो आणि मागं बसलेल्या भगिनींनो, 'कला आणि चळवळ' असा मोठा विषय मला दिलाय. मी आपल्या गेटवरच्या नाटकापुरतंच बोलतो.

संपात आपण ते केलं. लिहिलं मी. हिंदुराव म्हणाले, पात्रांना खरीच नावं द्या राव, गेटला आपलं वाटलं पाहिजे. म्हणून आपले फलक रंगवणारा चिमाजी नाटकातही चिमाजीच राहिला, आणि मालकाला बातम्या पोचवणारा फितूर झाला लालमहंमद, स्वतःच्याच नावानं. काय काम करायचा! चहा पिताना कपसुद्धा दोन्ही हातांनी झाकायचा, जणू तोही कुणी बघेल. लोक हसायचे, शिव्या घालायचे. शिवी म्हणजे दाद, असं मी त्याला सांगायचो.

संप मिटला, आणि कंपनीनं आपली काही माणसं काढली. आतली खबर कुणी दिली? आजवर कुणालाच ठाऊक नाही. पण कॅन्टीनमध्ये लालमहंमदच्या बाकावर बसायचं सगळ्यांनी सोडलं. भांडलं कुणी नाही, बरं का. हसतच विचारायचे, काय फितूर, आज काय खबर? त्याच्या घरच्या, खातूनबीवहिनी, मला म्हणाल्या, "भाऊ, नाटक संपलं म्हणून कुणीतरी सांगा की या लोकांना."

शेवटी त्यानं राजीनामा दिला. आज गावाकडं निघालाय. जाताना तरी आपण चारचौघांत सांगू, की हा माणूस फितूर नव्हता, एवढ्याच आशेवर तो इथं आला. दारातूनच त्यानं माझ्यामागचा फलक वाचला. 'आपले लाडके फितूर लालमहंमद यांना निरोप.' प्रेमानंच लिहिलंय, मान्य. "चिमाजी, अक्षर चांगलं काढलंस," म्हणाला, आणि चप्पल न काढताच वळला.

नाटकानं माणूस बदलतो, असं आपण गेटवर ओरडून सांगायचो ना? एक माणूस बदलला. आपण सगळ्यांनी मिळून बदलला.

अध्यक्षसाहेब, ते एक वाक्य तुम्ही आत्ता म्हणालही. पण ज्यानं ऐकायचं, तो बायको आणि ट्रंक घेऊन बाहेर स्टॉपवर उभा आहे.

बोलू दिलंत, आभारी आहे. काही जास्त बोललो असेन तर पोटात घाला. बस अजून आली नसेल, मी निघतो. मागून कोण येतंय, ते वळून बघणार नाही.