दोन क्ष अधिक आठ

—नाही, लेखी काही देणार नाही मी, आणि ती तुम्ही आणलेली लुतेनित्साची, लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी आधी उचला टेबलावरून. तुमच्या रुमेनाला सहापैकी दोन पडले, नापास झाली — दिसतंय मला, चष्मा आहे नाकावर. पण निवृत्त झाले म्हणून काय दुसऱ्या मास्तरांचे पेपर तपासत बसू? अख्ख्या सेव्हलिएवोत बोभाटा होईल, की नेव्याना बाई आता स्टामेनोव्हचे कान धरायला निघाल्या.

बघू, आणा इकडे. प्रश्न काय — 'सोडवा : दोन क्ष अधिक आठ.' आणि पोरीनं खाली लिहिलंय, 'हे सोडवता येत नाही.' हं. बरोबर आहे तिचं. अहो, बरोबरचं चिन्हच नाही, तर सोडवणार काय, कपाळ? ही नुसती राशी झाली. क्ष म्हणजे कुठलाही आकडा — तीन धरा, चौदा येतील, दहा धरा, अठ्ठावीस — त्याला कोण अडवतंय? पुढे 'बरोबर वीस' असं असतं, तर ते समीकरण. मग क्ष सहाच, दुसरा कुणी चालायचा नाही. स्टामेनोव्ह ती पुढची बाजू लिहायला विसरला, आणि आता कबूल करायची लाज वाटते. होतं असं घाईत — माझं नाही का झालं, फळ्यावर, आणि तेही मागच्या बाकावर इन्स्पेक्टर बसलेले असताना —

तुम्हाला कशाला सांगतेय मी हे. कॉफी घ्या, गार होतेय. माझी झ्लातिना त्याच वर्गात होती, माझी मुलगी, आणि मीच तिला फळ्याशी बोलावलं, तिला येणार याची खात्री, म्हटलं साहेब खूश होतील. तर ती खडू धरून उभी. म्हणाली, "बाई, हे समीकरण नाही, याला दुसरी बाजूच नाही" — वर्गात मला बाईच म्हणायचं, नियम माझाच. हळूच म्हणाली हो, मला सावरून घेता यावं म्हणून. आणि मला कळलं होतं, त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी काय म्हणाले? अभ्यास करायचा नाही आणि वर तोंड करून बोलायचं, बस खाली, दोन. शाईनं लिहिले. साहेब जाताना म्हणाले, पोटच्या पोरीलाही सोडत नाही, याला म्हणतात शिक्षिका. महिन्याभरात प्रशस्तिपत्रक आलं.

गणिताच्या शाळेत जायचं होतं तिला. फॉर्मच भरला नाही. रडली नाही, भांडली नाही, फक्त त्यानंतर एक गणित म्हणून मला विचारलं नाही. सव्वीस वर्षं झाली. आता तिकडे इटलीत, बोलोन्यात परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते. रविवारी फोन करते, आम्ही हवेबद्दल बोलतो — तिकडे ऊन, इकडे पाऊस, झालं.

रुमेनाला काय सांगितलंत तुम्ही? सरांची माफी मागायला लावलीत? कशाबद्दल — तिचं बरोबर होतं म्हणून? धन्य आहात. आणा ते पेन. 'उत्तर बरोबर, प्रश्न अपुरा.' खाली सही. हे आधी तिला दाखवा, त्या स्टामेनोव्हला मग.

काय म्हणालात? झ्लातिनाला मी सांगितलं का कधी, की तुझं बरोबर होतं?

घ्या तो कागद आणि निघा. दार ओढून घ्या जाताना.